काडतुसाचें यंत्र कां अडतें?

स्वारगेटला जमिनीखालच्या स्थानकांत जो उतारू गाडींत बसतो, त्याला ती मंडई, कसबा पेठ, शिवाजीनगर असे टप्पे घेत खडकीवरून पिंपरीकडे नेते. सप्टेंबर २०२४ मध्यें हा भुयारी मार्ग स्वारगेटपर्यंत खुला झाला, आणि ज्याच्या नांवांत स्वारही आहे व वेसही आहे असें पुण्याचें हें दक्षिणेकडील नाकें उत्तरेकडील जुन्या लष्करी छावणीच्या जणूं शेजारीं येऊन बसलें. त्या छावणींत १८६९ सालीं दारूगोळ्याचा कारखाना निघाला. दीड शतक लोटलें, मालक बदलले. १ ऑक्टोबर २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आला, आणि त्या कंपनीची मुख्य कचेरीही पुण्यांतच आहे. परंतु काडतूस भरणाऱ्या माणसापुढें तेव्हां जो प्रश्न उभा होता, तोच आजही उभा आहे. मग यंत्र कारखान्यांतील प्रचंड असो, कीं एकट्या नेमबाजाच्या टेबलाला पेंचानें आवळलेलें हातयंत्र असो. निराळ्या आकाराच्या व निराळ्या स्वभावाच्या चार वस्तु एका ठिकाणीं, नेमक्या क्रमानें आणावयाच्या कशा? आणि त्यांतली एखादी वाटेंत अडली तर काय करावयाचें?

या चार वस्तु म्हणजे पुंगळी, टोपी, दारू आणि गोळी. पुंगळी पितळेची असते. तिच्या बुडाशीं बसविलेली टोपी म्हणजे स्फोटक द्रव्याचा लहानसा कण पोटांत घेतलेली धातूची इवलीशी वाटी. आंत दारू, आणि तोंडाशीं गोळी. घोडा पडला कीं टोपी पेटते, तिच्यानें दारू जळते, दारूचा वायु गोळीला पुढें लोटतो आणि फुगलेली पुंगळी बंदुकीची मागली बाजू घट्ट मिटवून धरते. क्षणार्धांत टोपी जळाली, दारू संपली, गोळी गेली. उरली ती पुंगळी. ती घडवावयासच सर्वांत अधिक खटपट पडलेली असते. म्हणून तिला पुन्हां मापांत आणावें आणि नवी टोपी, नवी दारू व नवी गोळी देऊन वापरावें, ही विद्या युरोप-अमेरिकेंतील नेमबाजांत फार दिवसांपासून रूढ आहे. तिला पुनर्भरण म्हणतां येईल.

आपल्याकडे ती घरोघर चालणारी विद्या नव्हे, हें आरंभींच स्पष्ट झालेलें बरें. १९५९ च्या शस्त्रकायद्याप्रमाणें परवान्यावांचून दारूगोळा तयार करतां येत नाहीं. इतकेंच नव्हे, तर दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो तयार करण्याचीं यंत्रेंही त्या कायद्याच्या व्याख्येंत येतात. शिवाय आपले पुष्कळ नामांकित नेमबाज जें काडतूस वापरतात त्याचें पुनर्भरण होतच नाहीं. २०१० सालीं म्यूनिक येथें जगज्जेतेपद मिळविणाऱ्या तेजस्विनी सावंत, किंवा २०२४ सालीं पॅरिस येथें कांस्यपदक जिंकणारे स्वप्निल कुसाळे, या दोघांची ५० मीटरची रायफल .२२ काडतुसाची. त्या काडतुसाला निराळी टोपीच नसते. स्फोटक द्रव्य पुंगळीच्या बुडाच्या कडेंत भरलेलें असतें आणि घोड्याच्या आघातानें ती कड कायमची चेपते. जें काडतूस पुन्हां भरतां येतें तें टोपी मध्यभागीं असलेलें.

या मध्यवर्ती टोपीचा इतिहास मोठा गमतीचा आहे, आणि यंत्र अडण्याशीं त्याचा फार निकटचा संबंध आहे. १८६६ च्या सुमारास दोन सेनाधिकाऱ्यांनीं दोन पद्धति काढल्या. वुलिच येथील शाही प्रयोगशाळेचे कर्नल एडवर्ड बॉक्सर यांनीं टोपीच्या पोटांतच एक चिमुकली ऐरण बसविली, म्हणून पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच भोंक पुरलें. अमेरिकेचे हायरम बर्डन यांनीं ती ऐरण पुंगळीच्या बुडांतच कोरली, म्हणून भोंकें मध्यावर न राहतां दोन्ही बाजूंस गेलीं. पुढें दैवाची उलटापालट अशी झाली कीं, इंग्रजाची पद्धति अमेरिकेनें उचलली आणि अमेरिकनाची पद्धति युरोपनें व इंग्रजी सैन्यानें घेतली. .३०३ रायफलच्या ज्या काडतुसांवर हिंदी सैन्यानें दोन महायुद्धें लढलीं, तीं बर्डन पद्धतीचींच. खडकीच्या पुंगळ्यांच्या बुडावर 'के. एफ्.' हीं इंग्रजी अक्षरें उमटवलेलीं असत.

आतां हातयंत्राकडे वळावें. जुन्या साध्या यंत्रांत एका वेळीं एकच काम होई. शंभर पुंगळ्यांच्या जळक्या टोप्या काढावयाच्या, मग शंभरांना नव्या बसवावयाच्या, मग शंभर पुंगळ्या लांकडी फळींतील भोंकांत ओळीनें उभ्या करून त्यांत दारू घालावयाची. काम संथ, पण सारें डोळ्यांपुढें. १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत 'स्टार' नांवाचें, आणि पुढें शतकाच्या उत्तरार्धांत ॲरिझोनांतील डिलन यांचें, अशीं क्रमयंत्रें पुढें आलीं. या यंत्रांत पायथ्याशीं एक फिरती चकती असते. तिच्या कडेला चार-पांच खांचा, प्रत्येक खांचेंत एक पुंगळी उभी. दांडा एकदां ओढून परत सोडला, कीं पहिल्या ठिकाणीं जुनी टोपी निघून पुंगळी मापांत येते व नवी टोपी बसते, दुसऱ्या ठिकाणीं दारू पडते, तिसऱ्या ठिकाणीं गोळी बसते, चौथ्या ठिकाणीं तोंड आवळलें जातें. आणि चकती एक घर पुढें सरकते. दांड्याच्या दर फेरीस एक काडतूस तयार. चार वस्तूंचे चार ओघ एका चकतीवर येऊन मिळतात. यंत्राचें सारें कौशल्य ह्यांत आहे, आणि सारी डोकेदुखीही ह्यांतच आहे.

अडलेल्या यंत्रापुढें नवशिका जें पहिलें करतो तें म्हणजे दांड्यावर जोर देणें. हें अगदीं स्वाभाविक आहे व अगदीं चुकीचें आहे. दांड्याला तरफेचें बळ असतें. हाताला जो थोडासा विरोध वाटतो, तो चकतीपाशीं कितीतरी पटीनें मोठा झालेला असतो. त्या बळानें पितळ चेपतें, सुई मोडते, आणि तें बळ टोपीवर पडलें तर ती पेटते. दुसरी चूक याहून सूक्ष्म आहे: यंत्र जेथें अडलें तेथेंच दोष शोधणें. स्वारगेटच्या चौकांत सायंकाळीं सातारा रस्त्यावरची रांग जागच्या जागीं उभी राहते. ज्या गाडीपुढें ती थांबलेली दिसते तिच्यांत बहुधा कांहींच बिघाड नसतो, खोळंबा पुढच्या वळणावर कोठें तरी झालेला असतो. काडतुसाच्या यंत्राचेंही तसेंच. टोपी बसत नाहीं म्हणून टोपीची नळी उघडून बसावें, आणि दोष निघावा चकतीच्या मळसूत्रांत!

चकतीचाच विचार प्रथम करावा, कारण चौघींची गांठ तीच घालून देते. तिला मध्यभागीं धरणारा पेंच फार आवळला तर ती जड फिरते, घर पूर्ण सरकत नाहीं, आणि पुंगळीचें बूड टोपीच्या दट्ट्यासमोर केंसभर अलीकडे राहतें. टोपी मग तिरपी शिरते किंवा चेपते. पेंच सैल सोडला तर चकती डुगडुगते, पुंगळ्या कलतात आणि तोंडें वरच्या साच्याच्या कडेवर आदळतात. दोन्ही दोषांचें दृश्य रूप एकच: कधीं टोपी चेपलेली, कधीं पुंगळी चेपलेली, आणि नियम कांहींच नाहीं. जेथें असा अनियमितपणा दिसेल तेथें आधीं चकतीवर बोट ठेवावें. पेंच पूर्ण आवळून मग जरासा मागें घ्यावा, चकती मोकळी फिरेल पण डुलणार नाहीं इतका, आणि तेथें तो पक्का करावा. अनुभवी माणूस हें डोळ्यांपेक्षां बोटांनीं जाणतो.

पुंगळ्यांचा ओघ अडण्याचीं कारणें बहुधा यंत्राबाहेर असतात. मैदानावरून गोळा केलेल्या पितळेंत नाना जाति मिसळलेल्या असतात. ९ मिलिमीटरची पुंगळी .४० च्या पोटांत अशी बेमालूम शिरून बसते कीं वरून दोन्ही मिळून एकच दिसावी. साच्यांत गेल्यावर यंत्र एकदम थबकतें. कोणाचें तोंड बुटाखालीं चेपलेलें, कोणाच्या पोटांत खडा. पितळ घासून लखलखीत करण्यासाठीं जो भुसा किंवा मक्याच्या कणसाचा चुरा वापरतात, त्याचा एखादा दाणा बुडाच्या भोंकांत अडकून राहतो. यंत्राला दोष देण्यापूर्वीं चांगल्या उजेडांत एक पांढरें फडकें पसरावें आणि पुंगळ्या निवडाव्या. तांदूळ निवडतात तशा. स्वयंपाकघरांत ज्याला हें काम कंटाळवाणें वाटत नाहीं, तो या विद्येंत पुढें जातो.

याच निवडींत बर्डन आणि बॉक्सर यांची गांठ पडते. यंत्रांतील जी सुई जुनी टोपी ढकलून काढते ती बॉक्सर पुंगळीच्या मधल्या भोंकासाठीं केलेली असते. तिच्याखालीं बर्डन पुंगळी आली, तर मध्यावर भोंकाऐवजीं ऐरण असते. सुई तिच्यावर आपटून वाकते वा मोडते. जुन्या .३०३ पुंगळ्यांच्या ढिगांत खडकीचें 'के. एफ्.' आढळलें, तर तिच्या आंत उजेड टाकून पाहिल्यावांचून ती चकतीवर चढवूं नये. लष्करी पुंगळ्यांत आणखी एक गोम असते. टोपी धक्क्यानें निसटूं नये म्हणून तिच्या भोंवतालची पितळेची कड आंत दाबलेली असते. जुनी टोपी कशीबशी निघते, पण नवी त्या कडेवर अडते. तेथें दोष ना चकतीचा, ना टोपीचा. ती कड कापून किंवा दाबून मोकळी केली कीं ओघ सुरू होतो.

टोप्यांचा ओघ सर्वांत नाजूक. त्या एका उभ्या नळींत एकीवर एक रचलेल्या असतात आणि खालून एक सरकती पट्टी एकेक टोपी उचलून नेते. जळक्या टोप्या काढतांना जी काजळी व राख झडते ती या पट्टीखालीं साचते; पट्टी मग पूर्ण परतत नाहीं आणि पुढची टोपी अर्धवट पडते. यंत्र अडण्याचें हें फार नेहमींचें कारण, आणि उपाय फक्त एक कोरडा कुंचला. तेल मात्र येथें शत्रु. तेलकट बोटानें हाताळलेली टोपी मरूं शकते, म्हणजे घोड्याच्या आघातानें पेटतच नाहीं. कधीं एखादी टोपी नळींत भरतांनाच उलटी गेलेली असते, कधीं नळीचें टोंक वाकलेलें असतें. अशा वेळीं वरून काठी घालून टोप्या खालीं ढकलण्याचा मोह होतो. नळींतील एक टोपी फुटली तर तिच्या शेजारणी तिच्यामागोमाग फुटतात. म्हणूनच चांगल्या यंत्रांत त्या नळीभोंवतीं पोलादी कवच असतें. नळी काढावी, टोप्या ताटलींत हळूच ओताव्या आणि पुन्हां भराव्या. हें करतांना डोळ्यांवर चष्मा असावा, आणि तो कामाच्या पहिल्या क्षणापासूनच असावा.

दारू अडते ती निराळ्याच तऱ्हेनें. रायफलच्या कांहीं दारूचे कण लहान काड्यांसारखे असतात. नरसाळ्याच्या गळ्यांत त्या एकमेकींवर टेकून कमान धरतात, आणि खालची पुंगळी रिकामीच पुढें जाते. मग ती कमान आपल्या भारानें कोसळते आणि पुढच्या पुंगळींत दुप्पट माल पडतो. गिरणीवाला दळण अडलें कीं कोठीवर थाप मारतो. येथें ती मारूं नये. थापेनें दारू दबते, तिची घनता बदलते आणि मापाच्या त्याच पोकळींत वजन अधिक भरूं लागतें. पावसाळ्यांत ओल, हिवाळ्यांत कोरड्या हवेची घर्षणविद्युत्, आणि नव्या मापावर कारखान्यानें लावलेला तेलाचा हात, या तिन्हींनीं कण भिंतीला चिकटतात. माप पुसून कोरडें करावें, आणि आरंभींचीं दहा-बारा मापें काट्यावर तोलून परत कोठींत टाकावीं.

दारूच्या या अडेलपणावर जुन्या कारखान्यांनीं जो तोडगा काढला तो यंत्रशास्त्राच्या दृष्टीनें फार शहाणपणाचा होता. १८८९ मध्यें ॲबेल व ड्यूअर यांनीं कॉर्डाइट नांवाची धूररहित दारू काढली. ती कणांची नसून दोऱ्यांची असे, आणि पुढें निलगिरींतील अरुवनकाडु येथें तिचा कारखानाही निघाला. .३०३ च्या एका काडतुसांत तिचें वजन सुमारें ३१ ग्रेन, म्हणजे सोळा-सतरा गुंजा. ही दोऱ्यांची जुडी पुंगळीच्या निमुळत्या गळ्यांतून आंत कशी घालावयाची? जोर करून घालावी तर दोरे मोडतात, आणि मोडलेले दोरे निराळ्या वेगानें जळतात. तोडगा असा: पुंगळीचा गळा आधीं करावयाचाच नाहीं. सरळ, रुंद तोंडाच्या पुंगळींत जुडी उभी सोडावयाची आणि मागाहून गळा दाबून निमुळता करावयाचा. वस्तु अडते म्हणून ढकलण्याचें बळ वाढवावयाचें नाहीं, तर कामाचा क्रम बदलावयाचा. दारू भरलेल्या पुंगळीला साच्यांत दाबण्याचें धैर्य कारखान्याच्या शिस्तींतच शोभतें, घरच्या टेबलावर नव्हे. परंतु त्यामागचा विचार टेबलावरही उपयोगी आहे.

येथपर्यंतचें सारें त्रासदायक खरें, पण जिवावरचें नव्हे. जिवावरचा प्रसंग अडथळा दूर झाल्यावर येतो, आणि तेव्हां मनुष्य सुटकेचा निश्वास टाकीत असतो. स्वारगेटहून भोरकडे निघालेल्या मोटारींत वाहक पुढून मागें तिकिटें फाडीत येतो. कात्रजच्या चढणीवर कोणी तरी वादंग घालतें, वाहक तें मिटवावयास दाराशीं जातो आणि परत येतो. आतां कोणत्या बांकापर्यंत तिकिटें झालीं? अंदाजानें पुढें निघाला तर एखादा उतारू फुकट जातो किंवा एखाद्याकडे दोनदां पैसे मागितले जातात. चतुर वाहक पुन्हां पहिल्या बांकापासून विचारीत येतो. यंत्रावर हाच घोटाळा होतो. टोपी अडली म्हणून दांडा अर्ध्यावर थांबविला, मागें घेतला, पट्टी साफ केली, दांडा पुन्हां ओढला. या अवधींत दुसऱ्या घरांतल्या पुंगळीवर मापाचें तोंड एकदां उघडलें, दोनदां उघडलें, कीं उघडलेंच नाहीं? ज्याचें सारें लक्ष पहिल्या घराकडे होतें त्याला हें सांगतां येत नाहीं.

तीन शक्यतांपैकीं दोन घातक आहेत. रायफलच्या पुंगळींत दारू बहुधा गळ्यापर्यंत येते. दुप्पट पडली तर ती सांडते आणि चूक आपोआप उघडी पडते. पिस्तुलाचें तसें नाहीं. .३८ स्पेशल हें काडतूस १८९८ सालचें, काळ्या दारूसाठीं केलेलें, म्हणून त्याची पुंगळी लांब. आजची जलद दारू तिच्या तळाशीं थोडीशी जागा घेते. दोन मापें पडलीं तरी गोळीला वर ऐसपैस जागा राहते आणि बाहेरून कांहींच दिसत नाहीं. असें काडतूस बंदूक फोडूं शकतें. दारू मुळींच पडली नाहीं तर धोका अधिक कपटी. केवळ टोपीच्या जोरानें गोळी पुंगळींतून निघते आणि नळींत थोडी पुढें जाऊन अडकते. नेमबाजाला वाटतें, काडतूस फुसकें निघालें. तो दुसरें झाडतो. दुसऱ्या गोळीला वाट नसते, आणि नळी फुगते वा फाटते.

म्हणून अडथळ्यानंतरचा क्रम असा असावा. हात दांड्यावरून काढावा. चकतीवरील सर्व पुंगळ्या उतराव्या. जिचा संशय आहे तेवढीच नव्हे, सर्व. ज्यांत दारू आहे त्यांची दारू कोठींत परत ओतावी. नंतर दोष शोधावा, आणि तो सांपडल्यावर रिकाम्या चकतीनें आरंभ करावा. यांत चार पुंगळ्यांचें काम वायां जातें, एवढाच तोटा. कारखान्यांतील भरणयंत्रांत आणि आतां हातयंत्रांतही दारूची उंची चांचपणारा एक खिळा पुढच्या घरावर बसवितात. माप कमी वा अधिक असेल तर तो घंटी वाजवितो. उपयोग आहे, पण खिळ्यावर भिस्त ठेवून डोळे मिटणारापेक्षां, खिळा नसतांना प्रत्येक पुंगळींत डोकावणारा अधिक सुरक्षित. त्यासाठीं दिवा असा टांगावा कीं उजेड थेट पुंगळीच्या पोटांत पडेल. कामाच्या खोलींत संभाषण नसावें आणि एका वेळीं टेबलावर एकाच जातीची दारू असावी. दोन डबे शेजारीं उघडे ठेवणाराला यंत्रशास्त्र शिकविण्यांत अर्थ नाहीं.

आणि इतकें करूनही एखादें संशयित काडतूस पेटींत गेलेंच, तर तें नेमकें कोणतें हें वजन करून ओळखूं म्हणणें व्यर्थ आहे. पुंगळ्यांच्या वजनांतच इतका फरक असतो कीं दारूचें हलकें माप त्यांत लपून जातें. त्या बैठकींतील सारीं काडतुसें पोकळ हातोड्यांत घालून लांकडी ठोकळ्यावर आपटून उघडावीं. गोळी सुटते, दारू बाहेर येते, पुंगळी वाचते. मैदानावर मात्र कान हाच पहारेकरी. नेहमींपेक्षां दबका आवाज झाला, हाताला झटका कमी बसला, कीं बोट घोड्यावरून दूर करावें, तोंड निर्धोक दिशेला धरून थोडा वेळ थांबावें, बंदूक रिकामी करावी, आणि नळींत मागच्या बाजूनें पाहावें. पलीकडच्या टोंकाशीं उजेडाचा वाटोळा ठिपका दिसला तर नळी मोकळी आहे. न दिसला तर त्या दिवशींचा सराव तेथेंच संपला.